पद्मिनीचे पॉइंट काढले

माझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी गरम झाली की खंबाटकी घाटाच्या चढावर झटके खायला लागायची. थंड असताना तक्रार नाही, सपाटीवर तर अजिबात नाही. चढ लागला, पाय दाबला, की मिसिंग (मधूनच ठिणगी चुकणं) सुरू. मिस्त्रींनी आधी कार्बोरेटर उघडला, कारण जुन्या फियाटचं काहीही दुखलं तरी आधी कार्बोरेटरच उघडला जातो. मग प्लग बदलले, मग कंडेन्सर. नवा कंडेन्सर जेमतेम पंधरवडा चालला. पॉइंट, म्हणजे इग्निशनचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पत्र्या, घासले की चार दिवस बरं, पुन्हा तेच.

या १०८९ सीसी इंजिनाची इग्निशन अगदी साधी आहे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून साधारण ४ अँपिअर करंट वाहतो. कॅमने पॉइंट उघडले की तो तुटतो आणि दुसऱ्या वाइंडिंगमध्ये हजारो व्होल्ट तयार होऊन ठिणगी पडते. ३००० आरपीएमला अशा १०० ठिणग्या दर सेकंदाला. म्हणजे दोन इवल्याशा पत्र्या सेकंदाला शंभरदा उघडमीट करतात आणि दर वेळी थोड्या जळतात. शिवाय पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग हळूहळू मागे सरकतं. रोज चालवणाऱ्याला ते कळतही नाही. गाडी ‘जरा जड झालीय’ एवढंच वाटतं.

मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर चांगले पॉइंट कुठेही मिळायचे. २०२३च्या ऑक्टोबरअखेर शेवटची काळी-पिवळी पद्मिनी सेवेतून गेली. त्याच्या बऱ्याच आधीपासून मालाची प्रत उतरलेली होती. म्हणून ठरवलं, पॉइंटच काढून टाकायचे आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवायचं. ठिणगी सिलिंडरना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, फिरत्या रोटरखाली चुंबकाची चकती, शेजारी तिला ओळखणारा हॉल सेन्सर. घासायला काही नाही, जळायला काही नाही.

मिस्त्रींना हे मुळीच पटलं नाही. “साहेब, पॉइंट गेला तर रस्त्यात घासून गाडी घरी येते. हा डबा गेला तर टोचन लावूनच आणावी लागेल.” म्हणणं खोटं नव्हतं. पॉइंट कुरकुरत मरतात, मॉड्यूल न सांगता मरतं. तरी मी हट्ट सोडला नाही.

या कामात सगळ्यात जास्त वेळ गेला तो मॉड्यूल बसवण्यात नाही, डिस्ट्रिब्युटरमध्ये. रोटरची दिशा आणि बॉडीची जागा खुणा करून तो बाहेर काढला, शाफ्ट चिमटीत धरून हलवला, तर चक्क डावीकडे-उजवीकडे खेळत होता. शाफ्टला धरून ठेवणारं बुश झिजलेलं. मला वाटतं खंबाटकीचं अर्धं उत्तर तिथेच होतं. शाफ्ट असा डगमगला की प्रत्येक सिलिंडरला पॉइंटचा गॅप वेगळा मिळतो; एकाला ठिणगी आधी, दुसऱ्याला उशिरा. कितीही बारकाईने ०.४५ मिलिमीटरचं पातं घालून गॅप लावा, इंजिन सुरू झालं की तो गॅप तिथे नसतोच. असल्या शाफ्टवर महागडं मॉड्यूल चढवणं म्हणजे गळक्या छपराला रंग देणं. नाना पेठेतल्या एका टर्नरकडून पितळी बुश करून घेतलं. आतली, वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी अॅडव्हान्सची वजनं वाळलेल्या ग्रीसने जाम होती. ती रॉकेलमध्ये धुऊन मोकळी केली, स्प्रिंगा तपासल्या.

दुसरी तपासणी मल्टिमीटरची. इंजिन बंद, किल्ली चालू, पॉइंट मिटलेले. बॅटरीवर १२.५ व्होल्ट आणि कॉइलवर १०.३! जुना इग्निशन स्विच आणि चाळीस वर्षांची वायर मिळून दोन व्होल्ट खात होते. स्टार्टर फिरताना तर आणखी घट. म्हणून बॅटरीपासून फ्यूज घालून नवी वायर आणली आणि मध्ये एक रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) टाकला. जुन्या स्विचने आता फक्त रिले ओढायचा. कॉइलवरचा आकडा लगेच १२च्या वर गेला. पॉइंट ठेवून नुसतं एवढं केलं तरी सकाळचं स्टार्टिंग सुधारेल, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

त्या मानाने मॉड्यूल बसवणं किरकोळ. पॉइंट आणि कंडेन्सर काढले, त्याच स्क्रूवर प्लेट बसवली, चकती कॅमवर दाबली. लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. उलट जोडली तर मॉड्यूल तिथल्या तिथे संपतं, म्हणून दोनदा पाहून मगच बॅटरी लावली. नुसत्या तांब्याच्या तारेच्या प्लग-वायरींचा सेन्सरला त्रास होतो, त्यामुळे रेझिस्टन्सवाल्या वायरी घेतल्या आणि १-३-४-२ क्रमाने लावल्या.

टायमिंगवर पुन्हा वाद. मिस्त्री आयुष्यभर कानाने टायमिंग लावत आलेले. मी पुलीवरची खूण घासून खडूने पांढरी केली आणि टायमिंग लाइट धरला. पूर्वी खूण लाइटखाली थरथरत असे, आता एका जागी उभी होती. मिस्त्रींनी वाकून पाहिलं, रेस देऊन पुन्हा पाहिलं. “बुश चांगलं केलंय त्याने,” एवढंच म्हणाले. मॉड्यूलचं नाव काढलं नाही.

ताकद वाढली का? नाही. चाळीसेक हॉर्सपॉवरची गाडी तेवढीच राहिली, मायलेजही जवळपास तेच. पण आयडलिंग स्थिर झालं, अर्ध्या चोकवर पहिल्या झटक्याला इंजिन पकडतं आणि खंबाटकी तिसऱ्या गिअरवर न अडखळता चढते. एक सवय मात्र बदलावी लागली: इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून रेडिओ ऐकत बसायचं नाही, कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापतात. आणि मिस्त्रींच्या टोचनाला मान देऊन पॉइंट लावलेली जुनी प्लेट, कंडेन्सर आणि गॅप मोजायचं फिलर गेज डिकीत ठेवले आहेत.

डिस्ट्रिब्युटर कॅप तेवढी राहिली आहे. आतून केसासारखी काळी रेघ दिसते, पावसाळ्यात तिथूनच करंट पळणार. कुर्ल्यात सीएसटी रोडवर एकाकडे जुन्या स्टॉकमधली आहे म्हणे. मे संपायच्या आत जाऊन बघायला हवी.