आयत्या वेळचे विषय

26 जानेवारी 2023, रात्र

"सूनबाई, ये, इथं बस." काकी एवढंच म्हणाल्या आणि सतरंजीवर हातभर सरकल्या. तेवढ्यानं दिवसभर मन थाऱ्यावर नाही.

पाच वर्षं त्या मला सरपंच म्हणत होत्या. ताई नाही, बाई नाही, नुसतं सरपंच. मे 2020 नंतर तर तेही तोंडातल्या तोंडात.

सकाळी झेंड्याला मी ठीक होते. दोरी दुसऱ्याच्या हातात बघायची मनाची तयारी केली होती. ग्रामसभेत मात्र पाय सवयीनं टेबलाकडे वळले. दोन पावलांवर लक्षात आलं, पण तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं. तिथंच थिजले. तेव्हा काकींचा आवाज.

हजेरीला माझी सही 71 वी. पाच वर्षं मी या आकड्याच्या काळजीत काढली. आमच्या गावाला गणपूर्तीसाठी शंभर माणसं लागतात, नाहीतर सभा तहकूब. शिपाईमामा दारोदार फिरून बायकांना बोलावून आणायचे. आज ते माझ्या दारात आले. "चला ताई, सही लागते." तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही हे पहिल्या वर्षी मला त्यांनीच सांगितलं होतं. आणि त्या वाटेनं जाऊ नका, असंही.

निवडणुकीत समोरच्याला 555 आणि मला 538. सतरा मतांनी पडले. महिना झाला, मी त्या सतरातच राहतेय. रस्त्यात कुणी समोर आलं की मनात हिशोब सुरू, हा इकडचा की तिकडचा. 2017 ला सरपंचपद महिलेसाठी राखीव होतं, थेट लोकांतून निवडायची ती पहिलीच खेप. या वेळी सर्वसाधारण. "मान मिळाला ना एकदा, आता कशाला?" हे घरातूनही ऐकलं. ह्यांच्याबद्दल आज लिहीत नाही. उभी राहिले ते बरोबरच केलं. पण टाकीचं काम अर्ध्यावर आहे, ते बघितलं की रडू येतं. पायासाठी जागा मिळवताना किती उंबरे झिजवले... जाऊ दे.

काकींचं लिहायचंय.

मुंबईहून आलेल्या माणसांना तेव्हा करोनामुळे चौदा दिवस शाळेत ठेवलं होतं. गावच्या करोना समितीची अध्यक्ष मी. काकींचा मुलगाही त्यांत, चौथीच्या वर्गात ठेवलेला. संध्याकाळी त्या डबा घेऊन फाटकापाशी आल्या. तिथून वर्गाची खिडकी वीस पावलं असेल, तो खिडकीत उभा होता. मी म्हटलं, डबा इथं ठेवा, पुढं यायचं नाही. परत म्हटलं, मोठ्यानं. त्यांनी डबा खाली ठेवला, पदर सावरला आणि गेल्या. चौदाही दिवस तिथंच ठेवून गेल्या.

नियम बरोबर होता. उद्या वेळ आली तर पुन्हा तोच पाळीन. आवाज चढवायची गरज नव्हती.

त्या माउलीनं आज जागा दिली. मला मत दिलं असेल का? दुपारभर डोक्यात हेच. सतरातल्या त्या एक होत्या का? मग भांडी घासताना वाटलं, मत तर पडद्याआड द्यायचं असतं, कुणाला कळत नाही. जागा त्यांनी अख्ख्या सभेसमोर दिली.

आयत्या वेळचे विषय आले की उठायचं, असं ठरवून गेले होते. आभाराची चार वाक्यं कागदावर होती. 538 जणांचे आभार. मामांचे. पहिल्या महिला सभेत माझ्या हातातला कागद थरथरताना बघून "वाचू नका, बोला" म्हणाल्या त्या बायकांचे. अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला काही? काकींचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. घसा दाटला, उठताच आलं नाही. यांच्याशी आधी बोलल्याशिवाय बाकीच्यांना काय सांगणार होते मी?

आणि आता वाचते तर कागदही अपुरा वाटतो. 538 च का? पाणी आलं नाही म्हणून पहाटे दार वाजवणाऱ्यांमुळे मला गावातला प्रत्येक व्हॉल्व्ह ठाऊक झाला. अंदाजपत्रकावरून भर सभेत मला अडवलं त्यांच्यामुळे मी रात्र रात्र बसून जमाखर्च वाचायला शिकले. लग्न होऊन आले तेव्हा या गावात मला विहिरीची वाट तेवढी माहीत होती. आज कुणाच्या घरात कोण आजारी आहे, कुणाचा वारस नोंदीचा अर्ज अडकलाय, सगळं माहीत आहे. हे मला या गावानं दिलं. त्यात ते 555 पण आले.

सभा संपल्यावर काकी माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. "येते गं," म्हणाल्या. मी नुसती मान हलवली.

उद्या त्यांच्याकडे जायचं. मताचं विचारायचं नाही. फाटकापाशी माझा आवाज चढला ते चुकलं, एवढं आधी सांगायचं. कागद बरोबर न्यायचा.