पगार विचारण्याआधी ड्युटी चार्ट पाहावा

परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण करून नागपुरात पहिली नोकरी शोधणाऱ्या मुली ओळखीपाळखीने माझ्याकडे चौकशीला येतात आणि बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असतो: "ताई, तिथे पगार किती देतात?" प्रश्न रास्त आहे. घरच्यांनी शिक्षणासाठी कर्ज काढलेले असते, धाकट्या भावंडांची फी भरायची असते, आणि भंडारा, गोंदिया किंवा गडचिरोलीकडून आलेल्या मुलीला हनुमाननगरातल्या खोलीचे भाडे दर महिन्याला चुकवायचेच असते. तरीही मी उलट विचारते, की तिथला ड्युटी चार्ट पाहिला का? या पेशात पगार, कामाच्या वेळा आणि पुढचे शिक्षण या तीन स्वतंत्र गोष्टी नाहीतच, असे माझे ठाम मत झाले आहे. चार्ट कसा लागतो, यावरच उरलेल्या दोन्ही ठरतात.

साधा हिशोब करून पाहावा. समजा, एका रुग्णालयाने १८,००० रुपये सांगितले आणि बारा तासांची ड्युटी लावली, तर सव्वीस दिवसांचे ३१२ तास होतात आणि तासाला ५८ रुपयेसुद्धा पुरते पडत नाहीत. दुसऱ्याने १६,००० सांगितले, पण ड्युटी आठ तासांची असली, तर २०८ तासांच्या हिशोबाने तासाला जवळजवळ ७७ रुपये पडतात. शिवाय महिन्याचे शंभराहून अधिक तास हातात राहतात, ज्यांत झोप होते, अभ्यास होतो आणि माणसासारखे दोन घास बसून खाता येतात. घरी सांगताना मात्र अठरा हजारांचीच नोकरी मोठी वाटते. मुलाखतीत सांगितलेला आकडा हातात पडणारा असतो की भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के आणि राज्य कामगार विमा योजनेचे ०.७५ टक्के कापण्याआधीचा असतो, हेही तिथेच विचारून घ्यावे. ही कपात होत नाही म्हणून आनंद मानणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. वास्तविक कपात होत नसेल, तर मालकाचा वाटाही जमा होत नाही आणि आजारपण ओढवले तर विम्याचा आधारही राहत नाही.

आता चार्ट कसा वाचायचा, ते सांगते. सिस्टर इन्चार्जच्या टेबलाच्या काचेखाली किंवा ड्रेसिंग रूमच्या दारामागे तो कागद असतो. डावीकडे नावे, वर तारखा, चौकोनांत एम, ई, एन (सकाळ, संध्याकाळ आणि रात्रपाळी) अशी अक्षरे आणि लाल शाईत डीओ, म्हणजे साप्ताहिक सुट्टी, व एनओ, म्हणजे रात्रपाळीनंतरची सुट्टी. चालू महिन्याचा चार्ट नवा आणि नीटनेटका असतो, त्यामुळे त्यातून फारसे कळत नाही. संधी मिळाली तर मागच्या महिन्याचा पाहावा. त्यात लाल डीओ खोडून वर पेन्सिलीने ई लिहिलेला किती ठिकाणी दिसतो, एकाच नावापुढे एका चौकोनात दोन अक्षरे किती वेळा आली आहेत, आणि रात्री आठला सुटलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच परत बोलावले आहे का, हे पाहिले की त्या रुग्णालयाची खरी स्थिती समजते. आठला सुटणे हेही कागदावरचेच असते. ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण सोपवून, औषधांचा आणि उपकरणांचा साठा मोजून, नोंदी पूर्ण करून बाहेर पडेपर्यंत पाऊण तास सहज जातो, आणि हा पाऊण तास कोणाच्याही पगारपत्रकात नसतो.

सुट्टी का खोडली जाते, याचे कारण इन्चार्जच्या स्वभावात शोधू नये. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य कक्षात तीन रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असायला हवी, आणि त्यावर रजा-राखीव म्हणून ३० टक्के जागा आणखी धरायच्या असतात. ही रजा-राखीव मंडळीच नसतील, तर एकीला ताप आला की दुसरीची सुट्टी जाणार, हे ठरलेलेच आहे. म्हणून मुलाखतीत "सुट्ट्या मिळतात का?" असे विचारण्यापेक्षा "रात्रपाळीला वॉर्डात किती जणी असतात आणि एखादी आली नाही तर रिलीव्हर कोण देते?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळीकडे "हो" असेच येते.

रात्रपाळीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाचा समावेश 'बहुधा कर्करोगकारक' गटात केला आणि २०१९ मध्ये ते वर्गीकरण कायम ठेवले. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही, तर नाइटनंतरची सुट्टी ही कोणाची मेहेरबानी नव्हे, एवढे लक्षात यावे म्हणून सांगते. त्यातून नागपूरचा मे महिना. पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना सकाळी नऊला खोलीवर पोहोचायचे, कूलरच्या टाकीत पाणी भरायचे, खसच्या ताट्या ओल्या करायच्या, खिडकीला जुनी चादर लावून अंधार करायचा आणि डोळा लागतो न लागतो तोच वीज जायची, हा अनुभव इथल्या प्रत्येक सिस्टरला आहे. सासरी राहणाऱ्यांची कथा आणखी वेगळी. बारा तास उभी राहून आलेली सून दुपारी झोपते, हे शेजारच्या काकूंना समजावून सांगण्यात सासूबाईंचा निम्मा दिवस जातो, आणि तशा समजावणाऱ्या सासूबाई मिळाल्या तर ते भाग्यच म्हणायचे. ज्यांना पर्याय आहे, त्यांनी नाइट एकसलग घेऊन लगेच सुट्टी मागावी. दोन नाइट, एक मॉर्निंग, पुन्हा एक नाइट अशा तुटक पाळ्यांनी झोप कायमची विस्कटते आणि पुस्तक उघडण्याचे त्राणही उरत नाही.

खाजगी रुग्णालयांनी किती पगार द्यावा, याविषयी लिखित आधार मुळीच नाही, असा समज सर्रास आढळतो. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न पाहण्यासाठी समिती नेमण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. त्या समितीने दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार, शंभराहून अधिक खाटा असल्यास त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांना फार तर २५ टक्के कमी आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये, अशी शिफारस केली. ही शिफारसच असल्याने ती आपोआप कोणाच्या पगारात उतरत नाही. केरळमध्ये परिचारिकांनी दीर्घ आंदोलन केल्यावर २०१८ मध्ये सरकारने खाजगी रुग्णालयांसाठी सुधारित किमान वेतन अधिसूचित केले. आपल्याकडे खाजगी क्षेत्रातील मुली संघटनेचे नाव काढले तरी दचकतात. पण निदान पगारवाढ मागताना हे आकडे तोंडपाठ असावेत. "बाकीच्यांना देतात तेवढे द्या" या वाक्याला काहीच वजन नसते.

सरकारी नोकरीतही सगळे समान नाही. मिहानमधल्या एम्सची परिचर्या अधिकारी केंद्राच्या सातव्या स्तरावर, म्हणजे ४४,९०० रुपये मूळ वेतनावर रुजू होते, आणि मेडिकल किंवा मेयो या राज्य सरकारच्या रुग्णालयांतली अधिपरिचारिका राज्याच्या एस-१३ स्तरावर, ३५,४०० रुपयांवर. शहर एक, रुग्ण त्याच विदर्भाचे, आणि मूळ वेतनातच ९,५०० रुपयांचा फरक, ज्यावर महागाई भत्ता चढत गेला की ही दरी रुंदावतच जाते. केंद्राचा वेगळा परिचर्या भत्ता आहे तो निराळाच. राज्यातल्या परिचारिका वेतनत्रुटी आणि कंत्राटी भरती या विषयांवर संपावर का जातात, ते या दोन आकड्यांवरून समजावे.

एम्सच्या 'नॉरसेट' या परिचर्या अधिकारी भरतीच्या परीक्षेसाठी बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुली थेट पात्र ठरतात, पण जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतीशास्त्राची पदविका, झालेल्यांना किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. इथे आपल्या शहरातली एक अडचण आहे. धंतोली आणि रामदासपेठेत रुग्णालये दाटीवाटीने असली, तरी त्यांतली अनेक लहान आहेत, आणि घराजवळ म्हणून किंवा हजार रुपये जास्त म्हणून तिथे काढलेली वर्षे या अर्जात मोजली जात नाहीत. 'नॉरसेट'ची सर्वसाधारण वयोमर्यादा तीस वर्षांची आहे, त्यामुळे अशी वाया गेलेली वर्षे भरून काढायलाही वेळ फार नसतो. राज्याच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत मुभा असते, म्हणून लग्नानंतर पुन्हा अभ्यासाला बसणाऱ्यांनी ती वाट सोडून देऊ नये.

खाटांची संख्या विचारताना दुसरी एक गोष्ट आवर्जून विचारावी, ती म्हणजे मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात का. मी ज्या खाजगी रुग्णालयात सुरुवातीला काम केले, तिथे रुजू होतानाच माझी गुणपत्रके आणि नोंदणी प्रमाणपत्र मेट्रनच्या कपाटात कुलूपबंद झाली. पुढे सरकारी भरतीच्या कागदपत्र पडताळणीची तारीख लागली, तेव्हा ती परत मिळवण्यासाठी मला एका महिन्याच्या पगारावर पाणी सोडावे लागले. माझ्यासारख्याच आणखी कित्येक जणींच्या फायली त्या कपाटात होत्या. पाहायला मूळ प्रत दाखवावी आणि द्यायला साक्षांकित छायाप्रत द्यावी. एवढ्यावर नोकरी नाकारणाऱ्या ठिकाणाचा चार्ट कसा असेल, याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

पुढच्या शिक्षणाकडे येताना मी आधी एक नकार नोंदवते. जीएनएमनंतरची पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही दोन वर्षांची पूर्णवेळ पदवी आहे आणि तिला तासिका व प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के उपस्थिती लागते. तरीही "फी भरा, परीक्षेला या, नोकरी चालू ठेवा" असे सांगणारी माणसे भेटतात. त्या मार्गाने मिळालेल्या पदवीवर माझा विश्वास नाही. पडताळणीत एकाच काळातले अनुभव प्रमाणपत्र आणि उपस्थिती समोरासमोर आली, की दोन्ही संशयास्पद ठरतात. नोकरी सोडणे शक्य नसेल, तर सेवेत असलेल्यांसाठी इग्नूने दूरशिक्षणाने तीन वर्षांचा अभ्यासक्रम चालवला आहे, तो सध्या सुरू आहे का याची चौकशी करावी. सरकारी सेवेत असाल, तर अध्ययन रजेचे नियम आस्थापना विभागातून लेखी मागून घ्यावेत, कारण तोंडी सांगितलेला नियम बाबू बदलला की बदलतो.

एम.एस्सी.साठी पदवीला ५५ टक्के गुण आणि वर्षभराचा अनुभव लागतो. आधी विषय ठरवावा आणि मग महाविद्यालय पाहावे, असे मला वाटते. ज्यांना शिकवायचे आहे, त्यांनी एम.एस्सी. जरूर करावी, कारण महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्याचा दरवाजा तिच्यावाचून उघडत नाही, आणि शिकवण्याच्या नोकरीत रात्रपाळीही सुटते. पण ज्यांचे मन रुग्णाच्या खाटेजवळच रमते, त्यांनी केवळ नावापुढे पदवी हवी म्हणून दोन वर्षे आणि दोन-तीन लाख रुपये घालू नयेत. अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू किंवा शस्त्रक्रियागृह यांतली वर्षभराची पोस्ट बेसिक पदविका त्यांना रोजच्या कामात अधिक उपयोगी पडते. गावाकडे परतायचे असेल, तर उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे पद आहे. ते कंत्राटी असले, तरी त्यात नाइट नाही, आणि लहान मूल असलेल्या माझ्या दोन मैत्रिणींनी विचारपूर्वक तेच निवडले.

अभ्यास आणि ड्युटी एकत्र चालवण्याचा माझ्या पाहण्यातला एकच मार्ग टिकाऊ ठरला आहे, तो म्हणजे परीक्षेच्या तारखा कळताच दोन महिने आधी इन्चार्जला लेखी कळवणे आणि सहकारी सिस्टरशी बदली ठरवणे. दिवाळीत तिच्या नाइट आपण करायच्या आणि परीक्षेत तिने आपल्या. हा व्यवहार चोख ठेवला तर कोणाचीच तक्रार राहत नाही. आयत्या वेळी मागितलेली सुट्टी मात्र कोणाची तरी लाल अक्षरे खोडूनच मिळते, आणि ते ती मुलगी विसरत नाही.

जर्मनी किंवा आखाताची चौकशीही हल्ली वाढली आहे. जर्मनीसाठी भाषेची बी-२ पातळी गाठावी लागते, आणि फिरत्या पाळ्या करताना तिचे वर्ग नियमित करणे कसे जमेल, हे आधी चार्टवर बोट ठेवून पाहावे. त्याचबरोबर महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण आणि त्यासाठी लागणारे सततच्या शिक्षणाचे गुणांक वेळच्या वेळी जमवत राहावे. लग्नानंतर नाव बदलणार असाल, तर परिषदेची नोंदणी, आधार आणि पासपोर्ट या तिन्हींवरही एकच नाव राहील याची तजवीज अर्ज भरायला घेण्यापूर्वी करावी, कारण राजपत्रातली प्रसिद्धी आणि परिषदेतली दुरुस्ती या दोन्हींना लागणारा वेळ कोणत्याही भरतीच्या अंतिम तारखेपेक्षा जास्त असतो.