ऑनलाइन क्लासात तानपुरा कुठे जातो? माझा अनुभव

मी ऑनलाइन गाणं शिकवते. न्यू जर्सीतल्या विद्यार्थिनीचा सा पहिले दोन-तीन सेकंद स्वच्छ ऐकू यायचा, मग विरत जायचा. तानपुरा तर नाहीच. "ताई, लावलाय की, मोठ्यानं लावलाय!" ती म्हणायची, आणि खरंच लावलेला असायचा. अकाउंट, लिंक, फी हे सगळं एका दुपारी झालं. तानपुऱ्यासाठी मात्र दोन महिने गेले.

कॉलची अ‍ॅप्स बोलण्यासाठी केलेली असतात. बोलणं सतत बदलतं; पंखा, एसी एकसुरी वाजतात. जे एकसुरी ते गोंगाट, असं धरून अ‍ॅप ते गाळून टाकतं. तानपुऱ्याचं तर कामच अखंड वाजत राहणं. लांबवलेला सा आणि खर्जातला आकारही त्याच गाळणीत सापडतात. शिवाय आवाजाची पातळी आपोआप सारखी केली जाते, त्यामुळे हलका कण (स्वराला ओझरता लागणारा दुसरा स्वर) आणि जोरकस गमक (जोरानं हलवलेला स्वर) एकाच वजनाचे वाटतात. अशा आवाजावरून मी कुणाला "दम कमी पडतोय" असं सांगणं हा त्या मुलीवर अन्याय आहे, आणि तो मी केला.

झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' आहे, ते निवडायचं. त्याखालचा 'हाय-फिडेलिटी म्युझिक मोड' चालू, 'एको कॅन्सलेशन' (प्रतिध्वनी गाळणारी सोय) बंद. मी हे सगळं माझ्या लॅपटॉपवर केलं. पुन्हा केलं. नवा माइक घेतला. फरक शून्य, कारण गाळणी आवाज पाठवणाऱ्याच्या यंत्रावर चालते. मला तिचा तानपुरा हवा असेल तर सेटिंग तिच्याकडे बदलायला हवं. माझ्या सेटिंगचा उपयोग तिला माझं गाणं नीट ऐकू येण्यापुरता. हे एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर!

तिच्याकडे सेटिंग बदलूनही आठवडाभर तेच. मग कळलं की सेटिंगमध्ये निवडणं वेगळं आणि चालू क्लासात ते लागू असणं वेगळं. मीटिंगच्या खिडकीत त्याचं वेगळं बटण असतं, ते 'ऑन' दिसायला हवं. आता सुरुवातीला दहा सेकंद नुसता तानपुरा ऐकते. तो टिकला तरच पुढे. आयफोनवरून शिकणाऱ्यांनी माइक मोडमध्ये 'व्हॉइस आयसोलेशन' (बोलण्याखेरीज बाकी आवाज दाबणारा मोड) नाही ना, तेही बघावं.

एको कॅन्सलेशन बंद केलं की दोघांनीही वायरचे हेडफोन लावायचे, नाहीतर आपलाच आवाज फिरून येतो. ब्लूटूथचे नकोत. त्यांचा माइक सुरू झाला की आवाज फोनवर बोलल्यासारखा चपटा होतो, आणि उशीर वाढतो तो वेगळाच.

उशिराला इलाज नाही. मुंबई ते न्यू यॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाशालाच एका बाजूनं ६० मिलिसेकंदांच्या वर लागतात, प्रत्यक्षात जाऊन-येऊन पाव सेकंद सहज जातो. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, मात्रा चार सेकंदांचीही असू शकते, तिथे हे जाणवतही नाही. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत अर्धी मात्रा चुकते, २४० ला अख्खी. म्हणून मी इथून ताल धरत नाही. ठेका आणि तानपुरा दोन्ही तिच्या खोलीत, वेगळ्या फोनवर. मग गळा आणि ठेका दोन्ही सारख्याच उशिरानं माझ्यापर्यंत येतात आणि सम (तालाची पहिली मात्रा) कुठे चुकली ते अचूक कळतं. एकत्र गाणं नाही; मी गाते, ती ऐकते, मग ती गाते.

पट्टी, म्हणजे कुठल्या सुराला सा धरायचा, ते आधी ठरवा. तिच्या घरची पेटी जुनी, काळी चार किंचित उतरलेली. अ‍ॅपचा तानपुरा पेटीशी जुळवून घेतला. पेटीकडे दुर्लक्ष करून नुसत्या अ‍ॅपमधल्या आकड्यावर ठेवला असता तर रियाजात रोज दोन षड्ज वाजले असते. मालकंस रागात पंचम नसतो, त्याला पंचमाची तार मध्यमावर आणायला विसरू नका.

रियाज व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर मागवू नका, तीही बोलण्यासाठीच आहे. फोनच्या रेकॉर्डरवर घेऊन फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. यूट्यूबवर मैफल ऐकताना तान सुटत नसेल तर वेग ०.५ करा. स्वर उतरत नाही, फक्त लय निम्मी होते.

आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. सकाळी साडेसातचा क्लास दुसऱ्या दिवसापासून इथे साडेआठला.