तारामतीची दाढी

जळगावची मे महिन्यातली दुपार, कूलर नुसता गरम वारा फेकत होता. मोबाइलवर कुठल्याशा फडाचा हरिश्चंद्राचा वग लागला. रोहिदासाला साप चावलाय, तारामती मसणात बसून हंबरडा फोडतेय आणि तो फोडता फोडताच डाव्या हाताने माइकची दांडी सरळ करतेय. दाढी सकाळची असावी, गालावर निळसर झाक. तरी माझा घसा दाटला. आता याला काय म्हणायचं?

लहानपणी वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरी नदीच्या वाळूत तंबू लागायचे. गण-गवळण होईपर्यंत आम्ही पोरं पेंगलेलो असायचो, वग सुरू झाला की फुई, म्हणजे आत्या, चिमटा काढून उठवायची. तारामती पुरुषच. कनातीच्या फटीतून बिडी ओढताना दिसायची, पदर खोचलेला. एकच बाकडं आधी सिंहासन, मग चिता. मसणवट्याच्या कराचा प्रसंग ऐन रंगात आला की कुणीतरी दहाची नोट पुढे करायचं. राजा रडणं थांबवायचा, नोट कपाळाला लावायचा, "अमक्या गावच्या पाटलांकडून दहा रुपये, मंडळ आभारी आहे," म्हणायचा, पेटीवाल्याकडे बघायचा आणि जिथे सोडलं तिथूनच पुन्हा रडायचा. फुईही थांबायची आणि त्याच्याबरोबर पुन्हा सुरू व्हायची. मेलेला रोहिदास मध्येच पोटरी खाजवायचा. मी एकदा हसून ते तिला दाखवलं. "माले दिखत नही का? उगी बस," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

जर्मन नाटककार ब्रेख्तने 1935 साली मॉस्कोत चिनी नट मेइ लानफांगला पाहिलं. तोही स्त्रीभूमिका करणारा पुरुष. नट आपण नट आहोत हे लपवत नाही, त्यामुळे प्रेक्षक भूमिकेत बुडून जात नाही, असा निष्कर्ष ब्रेख्तने काढला. मोठा माणूस, पण बोरीच्या वाळूत बसला नव्हता.

त्या यात्रेपासून मला नाटकाला विंग दिसेल अशीच कडेची खुर्ची लागते. बायको वैतागते. पण सगळं हुबेहूब असलं, पाऊस खरा, घर खरं, अश्रूही खरे, की मी कोरडाच. उगाच कुणीतरी माझ्याकडून रडून घेतंय असं वाटतं. तारामती तसला आग्रह करत नाही. दाढी समोर आहे, बाकडं समोर आहे, रडायचं तर रडा.

फुवा गेले तेव्हा फुई रडली नव्हती. तेरा दिवस आल्यागेल्याला चहा देत राहिली, बायकांनी नावं ठेवली. पुढच्या वैशाखात नदीत तंबू लागले. वर्ष सरलं नव्हतं, तरी तिला जाऊ नको असं घरात कुणीच म्हणालं नाही.