मंग आता फुकटात होईन का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत हा प्रश्न हमखास येतो: "कायदा आला म्हंतेत, मंग आता टेस्ट ट्यूब बेबी फुकटात होईन का?"

नाही होणार. सहाय्यक जननतंत्रज्ञानाचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांचा कायदा २०२१चा, लागू झाला जानेवारी २०२२मध्ये. तो हे उपचार करणाऱ्या सेंटरवाल्यांना नियम घालतो, तुमचं बिल भरत नाही. आयुष्मान भारतमध्येही हे उपचार धरलेले नाहीत. पण मागायचे हक्क कायद्यात आहेत, आणि वावर गहाण टाकायच्या आधी ते माहीत हवेत.

पहिली अडचण वयाची. बाई २१च्या वर आणि ५०च्या आत, पुरुष २१च्या वर आणि ५५च्या आत. आता आपल्याकडे किती जणांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे ते पाहा! कोणीतरी अंदाजे टाकलेली. शाळा सोडल्याचा दाखला एक वय सांगतो, आधार दुसरं, आणि नागपूरच्या सेंटरला गेल्यावर फाइल तिथेच अडकते. दुरुस्ती जायच्या आधी करून घ्या. आधारवर जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, म्हणून दाखल्याशी ताडून मगच अर्ज टाका.

विधवा, घटस्फोटित किंवा अविवाहित बाईलाही हे उपचार घेता येतात. नवऱ्याची सही आणा म्हणून तिला परत पाठवता येत नाही.

सेंटरचं नोंदणीपत्र पाहायला मागा. ते ५ वर्षांपुरतं असतं, तारीख वाचा. लेव्हल १ म्हणजे फक्त आययूआय, गर्भपिशवीत वीर्य सोडणं. स्त्रीबीज काढून बाहेर गर्भ तयार करायला, म्हणजे आयव्हीएफला, लेव्हल २ लागते. तालुक्याला लेव्हल १ची पाटी आणि आत "आयव्हीएफ पॅकेज"ची ॲडव्हान्स पावती, असं दिसलं तर पैसे काढूच नका.

त्याही आधी नवऱ्याची तपासणी. बाईला चार वर्षं देवऋषी आणि सोनोग्राफी, आणि गड्याची साधी वीर्यतपासणी नाही, हे अजून चालतं. २ ते ७ दिवस संबंध टाळून नमुना लॅबमध्येच द्यायचा. घरून डबीत घालून एसटीने नेलेला नमुना तासाभरात पोचत नाही, शुक्राणू मरतात आणि रिपोर्ट उगाच खराब येतो.

संमतीपत्र इंग्रजीत पुढे सरकवतात. मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. गर्भ पिशवीत सोडेपर्यंत संमती मागे घेता येते. उरलेले गर्भ जास्तीत जास्त १० वर्षं गोठवून ठेवता येतात. वर्षाचं भाडं किती, ते लिहून घ्या.

पैशाचं आमिष दाखवून बायांना "बीज द्या" म्हणणारे दलाल गावात येतात. देणारीचं वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच, ७पेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत, आणि तिचा १२ महिन्यांचा विमा बीज घेणाऱ्यांनी काढायचा. बीज विकणं गुन्हा आहे. बीजं काढण्यासाठी देतात त्या इंजेक्शनांनी अंडाशय सुजून पोटात पाणी भरू शकतं, हे दलाल सांगत नाही.

उपचार फसला तरी डिस्चार्ज प्रमाणपत्र घ्याच. काय काय केलं, हे त्यात लिहून द्यावंच लागतं. तेच नसेल तर अमरावतीचा दुसरा डॉक्टर पुन्हा पहिल्या तपासणीपासून सुरू करतो, आणि त्याचे पैसे पुन्हा तुमचेच.