वयाचा रकाना

‘तुमच्याकडं सगळी म्हातारीच असतात ना हो?’ आमच्या बेघरांच्या निवाऱ्यात जुने कपडे द्यायला येणारे, कॉलेजची पोरं, माझी सख्खी जाऊ, सगळे हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. नाही.

ही समजूत पसरवायला मीही हातभार लावलाय. सुरुवातीला भाषणात मीच ‘पोरांनी टाकलेले आईबाप’ म्हणायचे. डोळे भरायचे, ब्लँकेटं यायची. दारूपायी घराबाहेर काढलेल्या तिशीतल्या गवंड्याला कोण ब्लँकेट देतंय? आमच्या सांगलीच्या निवाऱ्यात तसलेच जास्त. एकटं पोर सापडलं तर ते बालकल्याण समितीपुढं जातं, आमच्या रजिस्टरात चढतच नाही.

वय आम्हीच लिहितो. दात पडलेले, पायाला भेगा, लिहा सत्तर. 2011 च्या जनगणनेत देशभरातले बेघर मोजले 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत. झोपेतून उठवलेल्या माणसानं कुठलं वय सांगितलं असेल?

2019 च्या महापुरानंतर मिरज स्टेशनवरून एक बाई आणून सोडली. वय विचारलं तर, ‘तुमीच बघा की.’ मी 68 लिहिलं. पासष्टच्या पुढं असली की श्रावणबाळच्या पेन्शनमध्ये बसेल, हेही डोक्यात होतं. तिथं माझा अंदाज चालत नाही, दाखला लागतो, हे ठाऊक असून.

दिवाळीच्या सुमारास फोन आला. ‘पाटणकडची बाई आहे का, पन्नास-बावन्नची? आई आहे माझी.’ त्यानं सांगितलेलं नाव आमच्याकडं नव्हतं. नावं काय, बदलून सांगतातच. मी वयाच्या रकान्यावरून बोट फिरवलं. पन्नाशीतली एकही नाही. ‘नाही बाबा, तेवढ्या वयाची कुणी नाही.’ तो ‘बरं’ म्हणाला. मी आणखी काही विचारलं नाही. जेवणाची वेळ झाली होती.

थंडीत एकदा भाकरी थापता थापता ती मिरज स्टेशनवरची बाई म्हणाली, ‘कोयनंचा भूकंप झाला तवा मी पाळण्यात हुते. पाळणा आपसूक हालला म्हनं.’

11 डिसेंबर 1967. बोटांवर मोजलं. बावन्न.

रजिस्टरच्या मागं लिहून ठेवलेला नंबर लावला. एसटी स्टँडवर कुणीतरी फोन मागितला होता, एवढंच त्या माणसाला आठवत होतं. तिला विचारलं, मुलगा आहे का? ‘न्हाई,’ म्हणाली, आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता तो मुलगाच होता कशावरून? वसुलीवालाही असेल. आणि भूकंप काय सांगलीलाही जाणवला होता, पाळणे गावोगाव हलले असतील. बरोबरच्या बायका म्हणतात, तुझी चूक नाही. मलाही तसंच वाटतं, दुपारपर्यंत.

हल्ली आकड्याशेजारी मी आठवणही लिहिते. 72 चा दुष्काळ, 2005 चा पूर. अहवालात मात्र आकडाच मागतात.

काल एकजण आला. दिसायला साठीचा. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी पहिलीत होतो म्हणाला. 60 लिहिलं होतं, ते खोडलं.