हलव्यावरचा काटा

साखर पाण्यात विरघळली की ती संपली असे आपण धरून चालतो. संक्रांतीसाठी घरी हलवा करणाऱ्या सुगरणी मात्र आधी साखर पाण्याच्या स्वाधीन करतात आणि मग चमचाचमचा पाक घालत तीच साखर पाण्याकडून परत घेतात.

विरघळताना साखरेचा रेणू मोडत नाही. त्याच्यावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोडीचे आठ गट असतात आणि पाण्याच्या रेणूंना त्यांचे मोठे आकर्षण असते. त्यामुळे पाणी स्फटिकाच्या कडांपासून एकेक रेणू सुटा करते आणि त्याला चहूबाजूंनी वेढून घेते. तेलात तीच साखर कितीही ढवळली तरी तळाशीच राहते, कारण तिला धरून ठेवण्याजोगे तेलाजवळ काही नसते.

पाण्याची ही धारणशक्ती उष्णतेने किती वाढावी? 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर मावते, तर उकळीला तेवढ्याच पाण्यात 480 ग्रॅमहून अधिक. मीठ या बाबतीत फारच हेकट आहे; थंड पाण्यात 36 ग्रॅम आणि उकळत्यात जेमतेम 39. मिठाचा पाक कोणी करत नाही, याला चवीखेरीज हेही एक कारण मानायला माझी हरकत नाही.

हलव्याचे सारे कसब या तफावतीवर उभे आहे. मंद आचेवर परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा, त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हलकेच फिरवत राहायचे. दाण्यावर पाकाचा पातळ थर बसतो, त्यातले पाणी उडून जाते, उरलेल्या पाण्याला एवढी साखर पेलवत नाही आणि ती दाण्यावर स्फटिक होऊन बसते. पुढच्या चमच्यातली साखर नवी जागा शोधण्यापेक्षा या तयार स्फटिकांवरच चढणे पसंत करते, म्हणून उंचवटे वाढत जाऊन त्यांचा काटा होतो. घाईने जास्त पाक ओतला तर पाणी वेळेत उडत नाही आणि दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. एवढ्या सावकाश कामाला आता कोणाला सवड असते, हा प्रश्न निराळा. दुकानातला गुळगुळीत हलवा गोड असतो, पण माझ्या लेखी तो साखरफुटाण्याचा चुलतभाऊच.

गुलाबजामांच्या पाकाची गरज नेमकी उलटी असते. तिथे साखर पुन्हा जमू नये म्हणून लिंबू पिळतात. आम्लामुळे उकळत्या पाकातली थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि हे परके रेणू स्फटिकाच्या रचनेत आडवे येतात. हलव्याच्या पाकात दुधाचा चमचा घालून मळी काढावी, लिंबाला मात्र तिथे फिरकू देऊ नये.